लुथरन उपासनेला पहिल्यांदाच जाताना

जर्मनीतल्या लायपझिगला शिकायला आलेल्या एका मराठी मुलीने विचारलं आहे. तिच्या घरमालकीणबाईंच्या नातवाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाणी घालून चर्चमध्ये सामील करून घेण्याचा विधी, येत्या रविवारी त्यांच्या लुथरन (मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या) चर्चमध्ये आहे आणि तिला आग्रहाचं बोलावणं आहे. ती हिंदू घरातली, चर्चमध्ये आजवर फक्त इमारत बघायला गेलेली. कपडे कोणते घालू, चपला काढायच्या का, बसू कुठे, सगळे उभे राहिले तर मीही उभं राहायचं का, उपासनेत वाटतात तो भाकरीचा तुकडा घ्यायचा की नाही, पैसे किती टाकायचे, आणि कुणी धर्म बदलायला तर सांगणार नाही ना, असे तिचे प्रश्न.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ती शंका मनात असताना बाकीचं काही नीट ऐकू येत नाही. कुणी तसं सांगणार नाही. तुम्हाला पुढे बोलावणार नाहीत, उभं करून ओळख विचारणार नाहीत, नाव-पत्ता लिहून घेणार नाहीत. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर त्याने स्वतःहून पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, जायचं, बराच काळ शिकायचं आणि मग ठरवायचं, अशी इथली रीत आहे. शिवाय सॅक्सनी प्रांतात आज बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत. साम्यवादी पूर्व जर्मनीच्या चाळीस वर्षांत इथली कुटुंबंच्या कुटुंबं चर्चपासून तुटली. त्यामुळे बाप्तिस्म्याला आलेल्या जर्मन पाहुण्यांपैकीही अनेकांना कधी उठायचं आणि पुस्तकाचं कोणतं पान काढायचं ते माहीत नसतं. तुम्ही एकट्याच बावरलेल्या दिसाल ही भीती सोडून द्या.

मी अहिल्यानगरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायात, वाढले आणि बरीच वर्षं लायपझिगच्या एका लुथरन मंडळीत आहे. माझी पाळी असेल त्या रविवारी पवित्र शास्त्रातला पाठ वाचते, एरवी दारात उभी राहून येणाऱ्यांना गीतपुस्तक देते. नवखा माणूस नेमका कुठे अडखळतो हे दारातून चांगलं दिसतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या अमेरिकन, स्कॉटिश आणि इंग्लिश मिशनांच्या कामातून उभ्या राहिल्या, म्हणून लुथरन हे नाव आपल्याकडे फारसं कानावर पडत नाही. भारतात हे लोक आहेत ते मुख्यतः तमिळनाडू, आंध्र आणि झारखंडमध्ये. तरंगमबाडीला १७०६ मध्ये जर्मन मिशनरी त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युटशाउ उतरले, गुंटूरला १८४२ मध्ये हायर आले, रांचीला १८४५ मध्ये गोसनर यांनी पाठवलेले मिशनरी पोहोचले. त्सीगेनबाल्ग शिकले ते हाल्ले शहरात, आणि हाल्ले लायपझिगहून लोकल गाडीने तासाच्या आत येतं. रांचीकडचा कुणी मित्र बरोबर असेल तर त्याला भाषा नवी वाटेल, पण उपासनेचा क्रम ओळखीचा वाटेल.

आता मुख्य गोष्ट. ही एक कळली की बाकीचं आपोआप उलगडत जातं. लायपझिगच्या ईशान्येला टोरगाउ नावाचं गाव आहे. तिथल्या किल्ल्यातल्या चर्चचं समर्पण ५ ऑक्टोबर १५४४ रोजी जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर यांनी केलं. त्या दिवशीच्या प्रवचनात ते जे म्हणाले त्याचा आशय असा: प्रभूने आपल्या वचनातून आपल्याशी बोलावं आणि आपण प्रार्थनेने व स्तुतिगीतांनी त्याला उत्तर द्यावं, याखेरीज या घरात दुसरं काही घडू नये. लुथरन उपासना आजही याच दोन टोकांमध्ये चालते. पाठ, प्रवचन, प्रभुभोजन (भाकर आणि प्याला वाटण्याचा विधी), आशीर्वाद हे देवाकडून माणसांकडे येतं. गीतं, प्रार्थना, पापांगीकार (पापांची कबुली), मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) हे माणसांकडून देवाकडे जातं.

हे डोळ्यांनाही दिसतं. पाळकांकडे लक्ष ठेवा. ते वेदीकडे, म्हणजे चर्चच्या पुढच्या टोकाच्या पवित्र टेबलाकडे, तोंड करून, म्हणजे तुमच्याकडे पाठ करून उभे राहिले, की ते मंडळीतलेच एक होऊन सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलत असतात. तुमच्याकडे वळले की देवाच्या वतीने तुमच्याशी बोलत असतात. जर्मनचा एक शब्द कळला नाही तरी या वळण्यावरून आत्ता काय चाललंय ते ओळखता येतं. मला हे माझ्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी पहिल्याच महिन्यात दाखवून दिलं. तोवर पाठ करून उभ्या असलेल्या पाळकांकडे पाहून मला परक्यासारखं वाटायचं.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. स्वच्छ, साधे, नेहमीचे कपडे चालतात. बाप्तिस्म्याला लोक थोडं ठेवणीतलं घालतात, तेव्हा साडी किंवा सलवार-कमीज नेसायची-घालायची हौस असेल तर बेलाशक. चपला-बूट काढायचे नाहीत. डोकं झाकायची गरज नाही. पुरुषांनी मात्र टोपी काढायची. थंडीत जात असाल तर कोट अंगावरच असू द्या. जुन्या दगडी चर्चमध्ये ऊब पुरत नाही, बाकांवर गाद्या आणि घोंगड्या ठेवलेल्या असतात, त्या निःसंकोच घ्या. काही मंडळ्या जानेवारी ते मार्च चर्चऐवजी शेजारच्या सभागृहात जमतात. तेव्हा दार बंद दिसलं तर परत फिरू नका, दारावरची सूचना वाचा.

पहिल्या एकदोन रांगा बाप्तिस्म्याच्या कुटुंबासाठी असतात. अगदी शेवटच्या रांगेतही बसू नका, कारण तिथे तुमच्यासारखेच नवखे बसलेले असतात आणि बघून करायला समोर कुणी उरत नाही. चौथ्या-पाचव्या रांगेत, नेहमीच्या आज्यांच्या मागे जागा धरा. त्या उठल्या की उठा, बसल्या की बसा. साधारणपणे शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राच्या पुस्तकांतला) पाठ, मतांगीकार, शेवटच्या प्रार्थना आणि आशीर्वाद यांना उभं राहतात. गीतं मात्र बहुतेक वेळा बसूनच गातात, याचं आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसालाही नवल वाटतं. गुडघे टेकणं इथे क्वचित. उभं राहणं हा आदर झाला, त्याने तुम्ही कशाची कबुली देत नाही.

दहा मिनिटं आधी पोहोचा. घंटा सुरू होतात, त्या बराच वेळ वाजतात आणि थांबल्या की ऑर्गन सुरू होतो. घंटा थांबल्यावर आत शिरायला हरकत नाही, पण कुणी पाठ वाचत असेल किंवा प्रार्थना चालू असेल तर दारापाशी क्षणभर थांबून मग बसा. खांबावर किंवा भिंतीवर एक फळा दिसेल, त्यावर नुसते आकडे: ३६२, खाली ३२१, त्याखाली आणखी काही. ते त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. आकड्यापुढे बारीक अक्षरात १–४ असं असेल तर पहिली चार कडवी गायची. दारात मिळालेलं जाडजूड पुस्तक म्हणजे जर्मन प्रॉटेस्टंट चर्चचं गीतपुस्तक, १९९३ पासून काही वर्षांत प्रांताप्रांतांत रुजू झालेलं. त्यातली १ ते ५३५ ही गीतं देशभर सारखी, त्यापुढची प्रत्येक प्रांताची वेगळी. पुस्तक मिळाल्याबरोबर पहिल्या दोन गीतांची पानं शोधून त्यांत कागद घालून ठेवा, म्हणजे ऐनवेळी धांदल होत नाही.

मग उपासना सुरू होते. पाळक पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने आरंभ करतात. अंगात काळा झगा आणि गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या. हा काळा झगा प्रशियाच्या राजाने १८११ मध्ये पाळकांना ठरवून दिला आणि पुढे इतर प्रांतांतही पसरला. काही ठिकाणी आता पांढरा झगा आणि रंगीत पट्टा वापरतात. पाळक स्त्री असण्याची शक्यता भरपूर आहे, इथे ती नित्याची गोष्ट आहे.

यानंतर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र येतं. गीतपुस्तकात स्तोत्राच्या काही ओळी डावीकडून सुरू होतात आणि काही थोड्या आत सरकवून छापलेल्या असतात. डावीकडच्या पाळक म्हणतात, आतल्या मंडळी. मग ‘प्रभो, दया कर’ ही ग्रीक शब्दांतली आळवणी, त्यापाठोपाठ देवदूतांचं स्तुतिगान. सॅक्सनीत यातला बराचसा भाग गाऊनच होतो. पाळक एक ओळ गातात, मंडळी पुस्तकात न बघता उत्तर गाते. हे नवख्याला सर्वांत अवघड जातं, कारण कुणी पान सांगत नाही. तो क्रम गीतपुस्तकात छापलेला असतो, पुष्कळ ठिकाणी घडीचा कागदही हाती देतात. नाही सापडला तर नुसतं ऐका. दोन पाठ होतात, त्यांतला शुभवर्तमानाचा पाठ उभं राहून ऐकतात. त्याआधी ‘हालेलुया’ गातात, पण ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तो शब्द उपासनेत अजिबात उच्चारत नाहीत. ईस्टरच्या पहाटे तो परत येतो तेव्हा त्याचा आनंद निराळाच असतो.

गीतांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण लुथरन उपासनेचं मन तिथे आहे. लुथरच्या आधी मुख्य उपासनेतलं गायन लॅटिनमध्ये आणि बहुतांशी गायकवृंदाचं होतं. लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या तोंडाने गावं म्हणून लुथरने स्वतः गीतं लिहिली. १५२४ मध्ये न्युर्नबर्गला आठ गीतांचं छोटंसं पुस्तक निघालं, त्यातली निम्मी लुथरची होती. १५२६ मध्ये त्याने जर्मन भाषेतल्या उपासनेचा सबंध क्रमच छापला. फळ्यावर ३६२ दिसलं तर ते त्याचं सर्वांत प्रसिद्ध गीत, ४६व्या स्तोत्रावर रचलेलं: देव आमचा भक्कम दुर्ग आहे. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे धर्मसुधारणा दिनी, ते बहुधा सगळीकडे होतं. तो दिवस सॅक्सनीत सार्वजनिक सुटीचा.

३२१ दिसलं तर थोडं थांबून ऐका. ते मार्टिन रिंकार्टचं. हा आयलेनबुर्गचा, लायपझिगजवळच्याच गावचा पाळक. जर्मनी उद्ध्वस्त करणारं तीस वर्षांचं युद्ध चालू, गाव निर्वासितांनी भरलेलं, १६३७ मध्ये साथ आली आणि हजारो माणसं गेली. त्यांना मूठमाती देताना हा उभा होता, त्याची स्वतःची पत्नीही त्याच वर्षी गेली. त्याच युद्धाच्या काळात त्याने लिहिलेलं हे आभाराचं गीत आहे, चला आता सगळे मिळून देवाचे आभार मानू, अशा आशयाचं. बाप्तिस्म्याला, लग्नाला, सुगीच्या सणाला लोक ते मोठ्या आवाजात गातात. मी अहिल्यानगरला पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं गात मोठी झाले. माझ्या कानाला ऑर्गनवरच्या या संथ चाली सुरुवातीला जड वाटायच्या. रिंकार्टची हकीकत कळल्यावर मला ते गीत जड वाटलं नाही.

गाता येत नाही म्हणून गप्प बसू नका. ऑर्गन आधी चालीची थोडी ओळख करून देतो, मग एक श्वासाएवढी जागा सोडतो आणि सगळे एकदम सुरू करतात. ऑर्गनच्या आवाजात एकट्याचा बेसूर कुणाला ऐकू येत नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत चाल बसते. शब्द तुमच्या श्रद्धेचे नसतील तर गावं की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा. मतांगीकाराबाबत मात्र माझं स्पष्ट मत आहे: सगळ्यांबरोबर उभं राहा, पण जे मनापासून म्हणता येत नाही ते ओठांनी म्हणू नका. त्या वेळी तुमचं गप्प राहणं कुणालाही खटकत नाही.

प्रवचन पंधरा-वीस मिनिटांचं. भाषा पक्की नसेल तर हाच भाग लांबतो, आणि त्यावर एक उपाय मी सगळ्यांना सांगते. कोणत्या रविवारी कोणत्या उताऱ्यावर प्रवचन व्हायचं हे जर्मनीभर आधीच ठरलेलं असतं. सहा वर्षांचं चक्र आहे, त्याची सुधारलेली मांडणी २०१८ च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांपासून, लागू झाली. म्हणजे त्या रविवारचा उतारा शनिवारी रात्रीच इंटरनेटवर शोधता येतो आणि मराठी बायबलमध्ये, फोनवरही, वाचून ठेवता येतो. गोष्ट माहीत असली की प्रवचनातले ओळखीचे शब्द पकडता येतात. घरमालकीणबाईंना विचारलं तरी त्या आनंदाने सांगतील. प्रवचन संपल्याची खूणही ठरलेली: बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली देवाने दिलेली शांती’ हे वाक्य म्हणून पाळक व्यासपीठावरून उतरतात.

बाप्तिस्मा प्रवचनाच्या आधी किंवा नंतर होतो. कुटुंब पाण्याच्या कुंडाभोवती जमतं, बाळाचे धर्मपालक, म्हणजे त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी माणसं, बरोबर असतात. पाळक आईवडिलांना आणि धर्मपालकांना प्रश्न विचारतात, सगळी मंडळी प्रेषितांचा मतांगीकार म्हणते, मग बाळाचं नाव घेऊन डोक्यावर तीनदा ओंजळीने पाणी घालतात. पाणी बहुधा कोमट केलेलं असतं, तरी बाळं रडतात आणि कुणी कपाळाला आठी घालत नाही. ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवतात, त्याच्यासाठी निवडलेलं शास्त्रवचन वाचतात. फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारा. पुष्कळदा एकाच माणसाला परवानगी दिलेली असते. भेट म्हणून एक कार्ड, फुलं किंवा लहान मुलांचं चित्रमय पुस्तक पुरे. उद्या कुणी प्रेमाने तुम्हालाच धर्मपालक व्हायला सांगितलं तर त्यासाठी चर्चचं सभासद असावं लागतं, हे माहीत असू द्या, म्हणजे नकार देताना वाईट वाटणार नाही.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनांनंतर सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, आणि त्याच वेळी बाहेर मनोऱ्यात एक घंटा वाजायला लागते. ही कशासाठी, असं पुष्कळ जण मला विचारतात. घरी आजारी पडलेल्यांनी, शेतात किंवा कामावर असलेल्यांनी ती ऐकून आपल्या जागी तीच प्रार्थना म्हणावी, म्हणून. मी ती आजही मराठीतच म्हणते, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून. माझ्या शेजारी जर्मन चालू असतं, शब्द मागे-पुढे होतात, आणि ‘आमेन’ला आम्ही सगळे एकत्र पोहोचतो. मराठी ख्रिस्ती वाचकांनी आपली भाषा दाबून ठेवू नये, एवढं यानिमित्ताने सांगते.

आता तो भाकरीचा तुकडा. प्रभुभोजन प्रत्येक उपासनेत नसतं. मोठ्या शहरी चर्चमध्ये दर रविवारी, लहान मंडळीत महिन्यातून एकदोनदा, आणि बाप्तिस्मा असेल त्या दिवशी अनेकदा ते ठेवत नाहीत. असेल तर लोक रांगेने पुढे जाऊन वेदीभोवती अर्धवर्तुळात उभे राहतात. पाळक प्रत्येकाच्या तळहातावर पातळ गोल पापुद्र्यासारखी भाकर ठेवतात आणि म्हणतात, ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं. मग प्याला येतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी द्राक्षारसाऐवजी, म्हणजे वाइनऐवजी, साधा द्राक्षांचा रस असतो, किंवा दोन्ही असतात आणि कोणता प्याला कशाचा ते आधी सांगतात. काही जण ओठ न लावता भाकर प्याल्यात बुडवतात. शेवटच्या माणसापर्यंत सगळं झालं की पाळक एक वचन म्हणून सगळ्यांना शांतीने जायला सांगतात. तोवर जागेवरच थांबायचं.

तुम्ही हे घेऊ नये, असं मी आपुलकीने सांगते. आपल्याकडे प्रसाद म्हणून कुणी काही दिलं तर नाकारणं बरं दिसत नाही, त्या सवयीने हात पुढे होतो. पण ही प्रसादासारखी सर्वांना वाटायची गोष्ट नाही. भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्त स्वतः खरोखर हजर आहे असं लुथरन लोक मानतात. या एका मुद्द्यावर लुथर आणि स्विस धर्मसुधारक त्स्विंगली १५२९ मध्ये मारबुर्गला समोरासमोर बसले आणि एकमत न होता उठले, इतकं ते त्यांच्या जिवाचं होतं. जो घेतो तो त्या श्रद्धेत सामील होतो. म्हणून बाप्तिस्मा झालेल्यांनाच निमंत्रण असतं, मग ते कोणत्याही चर्चचे असोत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या माणसाने निर्धास्त जावं. कॅथलिकांनाही लुथरन मंडळी नाही म्हणत नाही, पण त्यांच्या स्वतःच्या चर्चचा नियम वेगळा आहे, तो त्यांनी बघावा.

मग त्या वेळी करायचं काय? जागेवर बसून राहा. ऑर्गन चालू असतो, बरेच लोक बसून असतात, कुणी मान वळवून बघत नाही. किंवा मनात आलं तर सगळ्यांबरोबर पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा. पाळकांना खूण कळते, ते भाकर न देता तुमच्यासाठी आशीर्वादाचे दोन शब्द म्हणतात. माझ्याबरोबर आलेल्या हिंदू मैत्रिणींपैकी काहींनी हे केलं आणि त्यांना ते फार आवडलं. काही बसूनच राहिल्या. दोन्ही योग्य.

पैशांचं पटकन सांगते. गीत चालू असताना काठीला लावलेली कापडी पिशवी बाकांवरून फिरते, आणि बाहेर पडताना दारापाशी दुसरी पेटी असते. एक दान मंडळीच्या स्वतःच्या कामासाठी, दुसरं त्या दिवशी जाहीर केलेल्या कारणासाठी. एक-दोन युरो टाकले तरी ठीक, पिशवी नुसती पुढे दिली तरी ठीक. विद्यार्थ्यांकडून कुणाची अपेक्षा नसते.

चर्चच्या कराबद्दल मात्र नीट समजून घ्या. उपासनेला आल्याने कर लागत नाही, तो सभासदांना लागतो. सॅक्सनीत तो प्राप्तिकराच्या ९ टक्के आहे, बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के. उत्पन्नाच्या नव्हे, भरलेल्या प्राप्तिकराच्या. प्राप्तिकर शून्य तर हाही शून्य. हा मुद्दा मराठी ख्रिस्ती मुलामुलींसाठी महत्त्वाचा आहे: शहरात पत्ता नोंदवताना अर्जावर धर्माचा रकाना असतो, आणि तिथे प्रॉटेस्टंट किंवा लुथरन असं नोंदवलं की सभासदत्व धरलं जातं आणि नोकरी लागल्यावर पगारातून रक्कम कापली जाते. मी हा कर भरते आणि मनापासून भरते, कारण बालवाड्या, रुग्णसेवा आणि गायकवृंद चालवायला त्याचा हातभार लागतो. पण काय लिहितोय हे समजून लिहावं.

उपासनेचा शेवट आशीर्वादाने होतो. पाळक हात उंचावून बायबलमधल्या गणना या पुस्तकातले अहरोनाच्या आशीर्वादाचे शब्द म्हणतात: ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.’ यानंतर लगेच उठून निघू नका. ऑर्गनवादक शेवटची रचना वाजवतो आणि लोक ती बसून ऐकतात. मग पाळक दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवतात. तेव्हा ‘मी अमुकची पाहुणी, भारतातून आले’ एवढं म्हटलं तरी बोलणं सुरू होतं. कॉफी ठेवली असेल तर थांबा. जर्मन माणूस पहिल्यांदा स्वतःहून फार बोलत नाही, पण कपात कॉफी पडल्यावर तुमच्या गावाबद्दल खोदून खोदून विचारतो. माझ्या इथल्या बहुतेक ओळखी त्या टेबलापाशी झाल्या.

बाप्तिस्म्यानंतर पुन्हा जावंसं वाटलं तर कोणता दिवस निवडावा? नाताळच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका असं मी सांगेन. त्या दिवशी वर्षभर न फिरकणारे सगळे येतात, तासभर आधी गेल्याशिवाय जागा मिळत नाही, आणि पहिल्यांदा आलेल्याला डोक्यांपलीकडे काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा सुगीचा रविवार चांगला: वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या, मोठी भाकर रचलेली असते आणि ते सगळं नंतर गरजूंना जातं. ईस्टरनंतरचा चौथा रविवार गाण्याचाच म्हणून राखलेला आहे, त्या दिवशी सगळे गायकवृंद उभे राहतात. आणि नोव्हेंबरमध्ये, आगमनकाळ सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, त्या वर्षात गेलेल्या मंडळीतल्या माणसांची नावं एकेक करून वाचतात, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती पेटते. मी ती नावं वाचली आहेत. त्या दिवशी गर्दीत न बोलता बसलेल्या अनोळखी माणसालाही कुणी परकं मानत नाही, कारण ज्याने कुणाला गमावलं आहे तो येतो.

लायपझिगमध्ये असाल तर आणखी एक सोपी वाट आहे. थोमास चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला मोटेट नावाची गायनप्रधान उपासना होते. प्रख्यात जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत याच चर्चचा संगीतप्रमुख होता, आणि वेदीच्या जागेत फरशीवर त्याचं नाव कोरलेली कबर आहे. मुलांचा जो गायकवृंद त्याने शिकवला तो १२१२ पासून चालत आला आहे आणि आजही गातो. शाळेच्या सुट्यांत किंवा मुलं दौऱ्यावर असताना दुसरे गायकवृंद असतात, तेव्हा आधी पाहून जा. दारात थोडे पैसे देऊन कार्यक्रमपत्रिका घ्यावी लागते. प्रभुभोजन नसतं, थोडक्यात बोलणं असतं, आणि एक गीत सगळ्यांनी गायचं असतं, ते पत्रिकेत छापलेलं असतं. ही मैफल नव्हे, उपासना आहे, म्हणून रचना संपल्यावर लगेच टाळी वाजवू नका. ज्यांना भाषेची धास्ती वाटते त्यांना मी आधी इथे पाठवते.

वेळा शोधायच्या तर प्रत्येक चर्चच्या दाराशेजारी काचेची पेटी असते, त्यात महिन्याचा तक्ता लावलेला असतो. तारखेपुढे प्याल्याचं चित्र असेल तर त्या दिवशी प्रभुभोजन आहे असं समजा. लहान मुलं बरोबर असतील तर मुलांच्या उपासनेची खूण बघा: प्रवचनाच्या वेळी त्यांना शेजारच्या खोलीत नेतात आणि संपताना परत आणून सोडतात. आणि तक्त्यावरून काही कळलं नाही तर खाली मंडळीच्या कार्यालयाचा फोन दिलेला असतो, तिथे सरळ विचारा. मोडक्या जर्मनमध्ये विचारलं तरी उत्तर मिळतं.